वापरण्यापूर्वी बाटली हलवावी

दारूबंदी असलेल्या प्रदेशात पेयाची जाहिरात करू इच्छिणाऱ्याने सर्वप्रथम कायद्याची प्रत मिळवावी. कागद, शाई, चित्रकार आणि माल या गोष्टी नंतर जमवल्या तरी चालतात. त्यातला माल तर अखेरपर्यंत जमला नाही तरी जाहिरातीचे फारसे अडत नाही. मीरा-भाईंदर परिसरापुरती ही प्रत म्हणजे मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९. २०१२ मध्ये त्याच्या नावातली मुंबई जाऊन महाराष्ट्र आला, ‘दारूबंदी’ मात्र जागची हलली नाही. मीरा रोड स्टेशनबाहेरची वाइन शॉप्स, काशीमिऱ्याला महामार्गालगतचे बार आणि भाईंदरची सरकारमान्य देशी दारूची दुकाने ही सगळी आजही याच कायद्याखाली चालतात. बंदी हा नियम आणि परवाना हा अपवाद, अशी त्याची रचना आहे. पुढे अपवादांनी रस्त्याच्या दोन्ही बाजू व्यापल्या, तो रचनेचा दोष नव्हे.

मुंबईत पहिली दारूबंदी १ ऑगस्ट १९३९ रोजी आली. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळात आरोग्य आणि अबकारी ही दोन्ही खाती डॉ. गिल्डर यांच्याकडे होती. त्यामुळे बाटलीकडे औषध म्हणून पाहायचे की महसूल म्हणून, हा प्रश्न एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवण्याची सोय नव्हती. त्याच वर्षी मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि १९४० मध्ये उच्च न्यायालयाने त्या बंदीखालचा कायदेशीर पाट काढून घेतला. स्वातंत्र्यानंतर, मोरारजी देसाई गृहमंत्री असताना, काम पुन्हा आणि नेटाने हाती घेण्यात आले. ६ एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी झाली. वीस वर्षांपूर्वी याच तारखेला दांडीला हाताने मीठ उचलून कायदा मोडण्यात आला होता. भाईंदरच्या मिठागरांच्या दृष्टीने दोन तारखांचा हिशेब असा लागतो की मीठ मोकळे झाले आणि ते ज्या पेल्याच्या कडेला लावतात तो पेला बंद झाला.

आता कलम २४. हे कलम जाहिरातदाराने तोंडपाठ करावे. वर्तमानपत्र, पुस्तक, पत्रक, फलक यांतल्या कशातही मादक पेयाची तारीफ करायची नाही, ते घेण्याची गळ घालायची नाही आणि ते देऊ करायचे नाही, असे त्यात सांगितले होते. तीन क्रियापदांत जगातला सगळा जाहिरातधंदा बसतो. मसुदा लिहिणाऱ्याने तो धंदा मन लावून अभ्यासला असावा. मात्र पुढे या कायद्याला आव्हान देणाऱ्या बाळसरा खटल्यात २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या तीनांपैकी पहिले क्रियापद रद्द केले. राज्यघटनेने भाषणस्वातंत्र्य दिले आहे, सबब दारूची नुसती तारीफ करणे हा गुन्हा ठरू शकत नाही. गळ घालणे आणि देऊ करणे हे गुन्हे मात्र राहिले.

या निकालानंतरचा व्यवहार नवशिक्याने नीट समजून घ्यावा. ‘व्हिस्की हे थोर पेय आहे’ हे विधान घटनात्मक आहे. ‘व्हिस्की घ्या’ हे नाही. ‘व्हिस्की मिळेल, मागच्या दाराने यावे’ हे छापण्यापूर्वी वकील गाठावा, आणि छापल्यानंतर जामीनदार. म्हणजे कवीला मोकळीक मिळाली आणि दुकानदार अडकला. मराठी कवींनी या मोकळिकीचा पुरेसा फायदा घेतला नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

मराठी रंगभूमीने मात्र निकालाची वाट पाहिली नव्हती. गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ मध्ये रंगभूमीवर आले. त्यातला तळीराम आणि त्याचे आर्यमदिरामंडळ दारूची बाजू इतक्या हिरिरीने मांडतात, की पुढच्या पिढ्यांसाठी तळीराम हे माणसाचे नाव न राहता प्रवृत्तीचे नाव झाले. नाटक दारूच्या विरोधात आहे, याविषयी कोणालाही शंका नाही. यातून निघणारा तांत्रिक नियम एवढाच, की पाचव्या अंकात हिशेब चुकता होणार असेल तर आधीच्या चार अंकांत दारूविषयी काय वाटेल ते बोलता येते. छापील जाहिरातीला पाच अंकांची जागा मिळत नसल्याने ही पद्धत खर्चिक ठरते.

जाहिरातीत कॉकटेलची कृती छापायची, तर अडचण याहून वेगळी आहे. कृती तारीफ करीत नाही, ती आज्ञा करते. ‘दोन भाग घ्या, एक भाग घाला, हलवा’ यात गळ घालण्याचा दोष ओळीओळीला येतो. शिवाय मराठी पाककृतींची जुनी भाषा ‘घ्यावे, घालावे, ढवळावे’ अशी विध्यर्थी, म्हणजे आर्जव आणखीच वाढते. यावर उपाय व्याकरणातच आहे. संपूर्ण कृती रीतिभूतकाळात लिहावी आणि तिला इतिहास म्हणावे. इतिहासाला कलम २४ सहसा हात लावत नाही.

नमुना म्हणून मीरा-भाईंदरच्याच किनाऱ्यावरचे पेय घेता येते. उत्तन, पाली, चौक, डोंगरी या भागातल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत लग्नकार्याला खिमड करण्याची परंपरा आहे. कॉकटेल हा शब्द या किनाऱ्याला ठाऊक होण्याच्या आधीपासून दारू, मसाला आणि साखर यांचे हे ऊनऊन मिश्रण तिथे होते. दारूबंदीच्या काळात त्याची निर्दोष कृती पुढीलप्रमाणे छापता आली असती: ‘पूर्वी लग्नघरी मोठ्या पातेल्यात पाणी उकळीत. त्यात दालचिनी, लवंग आणि साखर घालीत. मग जे घालायचे ते घालीत. वडीलधारी मंडळी आधी घेत आणि गाणी त्यानंतर सुरू होत.’ इथे ‘जे’ या सर्वनामावर सगळा भार आहे, हे अभ्यासकाच्या लक्षात येईल. त्याचा नामनिर्देश करू नये. ज्याला कळायचे त्याला कळते, आणि ज्याला कळत नाही तो मसाल्याचा काढा पिऊन सर्दीतून बरा होतो.

छपाई कुठे करावी, हाही विचार करावा लागतो. राज्याबाहेर छापून प्रसिद्ध झालेल्या नियतकालिकांतल्या जाहिरातींना कायद्याने सामान्यतः सूट दिली होती. विलायती मासिकातला तांबूस पेला मुंबईच्या वाचनालयात कायदेशीर होता; तोच पेला गिरगावात छापला की गुन्हा. चित्रातल्या बर्फाचे वितळणे हद्दीवर अवलंबून होते असे म्हणता येईल.

सर्वांत फलदायी मार्ग औषधाचा. इथे पुन्हा बाळसरा निकालाचेच आभार मानावे लागतात. मद्यार्क असलेली औषधे आणि प्रसाधने यांच्यावरची बंदी न्यायालयाने त्याच निकालात उठवली. दारू बंद, पण खोकल्याचे औषध, टॉनिक आणि कोलोन वॉटर चालू, अशी वाटणी झाल्यावर राज्याची तब्येत एकाएकी नाजूक झाली असेल तर नवल नाही. त्याच मे महिन्याच्या अखेरीस कुलाब्याला बेहराम पेसिकाका यांच्या जीपचा अपघात झाला. तोंडाला दारूचा वास येत होता, असे सरकारचे म्हणणे. आपण दारू नव्हे, बी. जी. फॉस हे मद्यार्कयुक्त टॉनिक घेतले होते, असे आरोपीचे म्हणणे. दारू प्याल्याच्या आरोपाचे हे प्रकरण दंडाधिकारी, उच्च न्यायालय करीत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि घटनापीठापुढे खल होऊन अखेर तिथे शिक्षा रद्द झाली. कोणत्याही टॉनिकला याहून मोठी प्रसिद्धी पैसे देऊन मिळाली नसती. पुढे कायद्यात दुरुस्ती झाली, रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क आढळला तर ते औषध होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी पिणाऱ्यावर आली, आणि वासाचे साहित्य संपून आकड्यांचे सुरू झाले.

औषधी पद्धतीत जाहिरात पेयाची करू नये, रोगाची करावी. हे सूत्र पाळले की बाकी सगळे आपोआप जमते. ‘जेवणानंतर पोटात जडपणा, संध्याकाळी सहानंतर अस्वस्थता, मित्र भेटल्यावर घशाला कोरड?’ एवढे प्रश्न विचारून थांबावे. उत्तर वाचक स्वतः शोधतो. बाटलीवर मात्रेच्या खुणा असाव्यात, लेबलावर वैद्याचे किंवा आजीचे चित्र असावे. ‘वापरण्यापूर्वी बाटली हलवावी’ ही सूचना ठळक छापावी. बारमध्ये याच क्रियेसाठी झाकणाचे चांदीचे भांडे आणि पांढरा कोट घातलेला माणूस लागतो, इथे ती ग्राहक फुकट करतो. ‘लहान मुलांपासून दूर ठेवावे’ ही ओळ घरातल्या वडीलधाऱ्यांना विशेष आवडते. आयुर्वेदाची परंपरा तर याहून भक्कम. द्राक्षासव, दशमूलारिष्ट यांसारख्या आसव-अरिष्टांत मद्यार्क बाहेरून घालावा लागत नाही, तो मुरताना आतूनच तयार होतो. जाहिरातदाराने अशा स्वयंभू घटकाबद्दल मौन पाळावे. गुण ग्रंथांत दिलेलेच आहेत.

सरकारनेही या पद्धतीत मोलाची भर घातली. आरोग्य टिकवण्यासाठी विदेशी मद्याची गरज असलेल्या माणसाला परवाना देण्याची तरतूद कायद्यात करण्यात आली. आणखी एक कलम तातडीच्या प्रसंगांसाठी होते: घरात एकाएकी औषधी गरज उद्भवली तर कुटुंबप्रमुखाला ब्रँडी, रम किंवा शॅम्पेन बाळगण्याचा परवाना. ब्रँडी आणि रमचे कारण कोणालाही पटेल, भाईंदरच्या खाडीवरून पावसाळ्यात येणारा वारा ज्याने अंगावर घेतला आहे त्याला तर लगेच पटेल. शॅम्पेनशिवाय उतार पडत नाही असा आजार कोणता, ते मात्र कलमात सांगितलेले नाही. जाहिरातदाराने तो आजार शोधून काढावा. शोधणाऱ्याला दुसरे काही विकावे लागणार नाही. चर्चमधल्या धार्मिक विधीच्या वाइनलाही स्वतंत्र कलमाने मुभा होती, पण त्या वाइनची जाहिरात करणे शोभत नाही आणि तिची गरजही नसते.

आणखी एक पद्धत इशाऱ्याची. तिचे सर्वोत्कृष्ट उदाहरण अमेरिकेतले आहे. तिथे जानेवारी १९२० ते डिसेंबर १९३३ अशी देशभर दारूबंदी होती आणि या काळात द्राक्षाच्या घट्ट रसाच्या विटा विकल्या जात. विटेबरोबर ताकीद असे, की ही वीट पाण्यात विरघळवून अंधाऱ्या कपाटात वीस दिवस ठेवू नये, नाहीतर तिची वाइन होईल. प्रमाण, जागा, मुदत, फलश्रुती, सगळे काही एका नकारार्थी वाक्यात आले. कृती छापायची आणि शेवटी ‘नये’ लावायचे, एवढेच हे तंत्र. मराठीला ते परके वाटू नये. ‘तिकडे फिरकू नकोस’ हे वाक्य गल्लीतल्या प्रत्येक पोराला पत्ता सांगण्यासाठी पुरेसे होत आले आहे.

उत्तनच्या किनाऱ्यावर या तंत्राला विटेची गरज नव्हती, ताड आणि माड उभेच होते. दारूबंदीच्या धोरणात ताडी निषिद्ध आणि नीरा पुरस्कृत होती. दोन्ही एकाच झाडाचा रस. मडक्याला आतून चुना लावून, रात्री झाडाला बांधून पहाटे उतरवला तर नीरा; तोच उन्हात राहिला तर दुपारपर्यंत आंबून ताडी. म्हणजे सद्गुण आणि गुन्हा यांत काही तासांचे अंतर, आणि ते अंतर सूर्य ठरवणार. नीराविक्रेत्याच्या फलकासाठी पुढील मजकूर सुचवता येतो: ‘आरोग्यदायी नीरा. सकाळीच प्यावी. घरी नेऊ नये. नेल्यास उन्हात ठेवू नये. ठेवल्यास दुपारी झाकण उघडू नये. उघडल्यास शेजाऱ्यांना बोलावू नये.’ यातल्या प्रत्येक वाक्यावर दारूबंदी प्रचारक सही करील. सरकारी नीरा केंद्रांनी एवढा सविस्तर फलक का लावला नाही हे कळत नाही.

मोहाच्या दारूच्या बाबतीत जाहिरातदाराला हातच लावावा लागला नाही. १८९२ साली मुंबई इलाख्याने मोहाच्या फुलांविषयी वेगळा कायदा केला आणि तो ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी होता. भाईंदर ठाणे जिल्ह्यातच. फुले जमवणे आणि बाळगणे यांवर राजपत्रातून निर्बंध आल्यावर या फुलात काहीतरी असले पाहिजे, हे ज्यांना पूर्वी माहीत नव्हते त्यांनाही समजले.

यानंतर विनाफलक पद्धत. पन्नास-साठच्या दशकांत मुंबई आणि उपनगरांत आंट्यांचे अड्डे चालत. घराच्या पुढच्या खोलीत टेबल, चार खुर्च्या, उकडलेली अंडी, चणे, भिंतीवर येशूची तसबीर. बाहेर पाटी नाही. अशा ठिकाणाची जाहिरात नात्यातून होते. ‘मावशीकडे जाऊन येतो’ असे संध्याकाळी सांगून निघणाऱ्याला घरात कोणी अडवीत नाही; महिन्यात दहाव्यांदा सांगितल्यावर फारतर मावशीच्या तब्येतीची चौकशी होते. १९६१ च्या डिसेंबरपर्यंत दमण पोर्तुगीजांकडे होते, आणि तिथून मुंबईकडे येणारी वाट, रेल्वेची असो वा समुद्राची, वसईच्या खाडीजवळूनच जाते. विदेशी मालाच्या बाबतीत आंटीने एवढेच म्हणावे, ‘माझा भाऊ आला आहे.’ भाऊ किती आले, हे पाहुण्याने विचारावे.

हातभट्टीची जाहिरात ‘पहिल्या धारेची’ या दोन शब्दांवर चालते. त्या शब्दांचा नमुना या मार्गदर्शनात पुढे वाढवता येत नाही. जून २०१५ मध्ये भाईंदरपासून फार लांब नसलेल्या मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. बिनपाटीच्या दुकानात तक्रार नोंदवण्याची सोय नसते.

साठच्या दशकात वसंतराव नाईकांच्या काळात राज्याने परवाने सैल केले, १९७३ मध्ये देशी दारूचे नियम झाले, परमिट रूम आली, आणि पेय मिळणे सोपे झाले. जाहिरात मात्र सोपी झाली नाही. कलम २४ अजून आहे, आणि केबल दूरचित्रवाणीच्या १९९४ च्या नियमांनीही दारूची प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष जाहिरात नाकारली. त्यामुळे आधुनिक काळातली पद्धत बदलीची: बाटलीचे नाव ठेवायचे आणि आतली वस्तू बदलायची. बॅगपायपरचा सोडा, रॉयल स्टॅगच्या संगीताच्या सीडी, किंगफिशरचे पाणी आणि दिनदर्शिका हे या पद्धतीचे अभिजात नमुने. सीडी कोणी ऐकली का, असे विचारणे अरसिकपणाचे ठरेल. किंगफिशर नावाची विमानसेवा २००५ मध्ये उडाली आणि २०१२ मध्ये खाली बसली. बिअर तेव्हाही गार होती. छोट्या व्यावसायिकाने एवढ्या उंचीवर जाऊ नये, सोड्यावर थांबावे. सोड्याच्या जाहिरातीत माणसे मध्यरात्री, सूट घालून, समुद्रकाठी, यशाविषयी बोलताना दाखवावीत. साध्या सोड्याने आजवर एवढे यश कोणालाही दिलेले नाही, ही गोष्ट प्रेक्षक चतुरपणे समजून घेतात.

महामार्गालगतच्या व्यावसायिकांनी डिसेंबर २०१६ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश लक्षात ठेवावा. त्याने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतली दारूविक्री बंद केली आणि महामार्गावरून दिसणाऱ्या दारूच्या पाट्याही उतरवायला सांगितल्या. पुढे २०१७ मध्ये शहरी हद्दींना अंतरातून सवलत मिळाली. मधल्या काळात अंतर सरळ रेषेत मोजायचे की चालत, यावर देशभर भूमितीचा अभ्यास वाढला, आणि दार मागच्या बाजूला नेऊन वाट लांबवण्याचे प्रयोगही झाले. काशीमिऱ्यासारख्या ठिकाणी पाटी नसली तरी दिव्यांच्या रंगावरून काम भागते. लाल, निळा आणि जांभळा एकत्र दिसले तर तिथे किराणा मिळत नाही, एवढे ज्ञान ट्रकचालकाला असते.

राहता राहिला पिणाऱ्याचा परवाना, कारण जाहिरातीला भुलून आलेल्या ग्राहकाने तो दाखवणे कायद्याला अपेक्षित आहे. महाराष्ट्रात पिण्यासाठी परवाना लागतो आणि त्यामागचे कारण आजही प्रकृतीची जपणूक हेच आहे. एका दिवसाचा परवाना काही रुपयांत, वर्षाचा १०० रुपयांत आणि तहहयात १,००० रुपयांत मिळतो. तहहयात परवान्याच्या अर्जात प्रकृतीचे कारण लिहिताना अर्जदाराने हसू नये. एक दिवसाचे परवाने बारमालक गठ्ठ्याने ठेवतो, त्यामुळे ग्राहकाला आपण आज आजारी आहोत हे बिल येईपर्यंत कळत नाही. अर्जाला वयाचा पुरावा जोडावा. बिअर आणि वाइनसाठी २१ वर्षे पूर्ण असावी लागतात, कडक मद्यांसाठी २५. कॉकटेलमध्ये दोन्ही प्रकार मिसळले असल्यास २५ धरावे.